निळ्यांचं नाव घ्यायचं नाही

मी फारशी बोलत नाही. लग्न होऊन ब्राह्मणपुरीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दोघीजणी सासूबाईंना हळूच विचारून गेल्या, "सून मुकी त नही ना वं?" पण गप्प बसणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. चहाचा ट्रे घेऊन आत जावं, रिकामा घेऊन बाहेर यावं, तेवढ्यात एक किस्सा पदरात पडलेला असतो. मे महिन्यात लग्न झालं, आता श्रावण चालू आहे. एवढ्या दिवसांत इतके साठलेत, की कुठेतरी उतरवून ठेवले नाहीत तर मलाच बोलायला लागावं लागेल!

आमच्या घरात फुटबॉल आहे. क्रिकेट नाही, फुटबॉल. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक होते. रिटायर होऊन घरी आले ते सोबत एक शिट्टी, दोन जाळ्या आणि एक टीम घेऊन. टीम म्हणजे लांबच्या एका मोठ्या शहराची प्रोफेशनल टीम. निळ्या जर्सीची. नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

*

माझा बघण्याचा कार्यक्रम झाला, तो प्रसंग आधी.

पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, हे सगळं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारून घेतलं. मग नाना खुर्चीत पुढे सरकले. माझे वडील सावध झाले.

"बेटा, गोलकीपर कधी बदलावा?"

माझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी साडीच्या काठाकडे पाहिलं. पण प्रश्न काही वाईट नव्हता. मी म्हटलं, "त्याचं चुकलं तर."

"आणि चुकलंच नाही तर?"

मला उत्तर आलं नाही. नाना खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मलाही येत नाही. पोरगी पसंत शे!"

नवऱ्या मुलाला कोणी विचारलंच नाही. तो अजूनही ते बोलून दाखवतो.

*

त्या प्रश्नामागे रायसिंग आहे, हे मला लग्नानंतर कळलं.

रायसिंग हा नानांचा विद्यार्थी. धडगावच्या वर डोंगरात त्याचं घर. शाळेत असताना नानांनी त्याला दोन बांबूंच्या मध्ये उभा केला, तो थेट निळ्यांच्या टीमपर्यंत पोचला. दोन नंबरचा गोलकीपर म्हणून. दोन सीझन झाले, तो एक मिनिटही खेळलेला नाही. कारण एक नंबरचा गोलकीपर चुकतच नाही! आणि रायसिंगचा करार यंदा संपतो. यंदा नाही खेळला, तर बॅग भरून घरी.

त्याच्या आईला तो पोलीस भरतीला बसायला हवा होता. नानांनी तिच्या दारात उभं राहून शब्द दिला होता, "एक दिवस तू याला टीव्हीवर खेळताना बघशील."

एवढंच. बाकी सगळा आमच्या घरातला फुटबॉल या एका वाक्याभोवती फिरतो.

*

सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. बियाण्याचा रिकामा पत्र्याचा डबा असतो. त्यात प्रत्येकानं आपलं भाकीत लिहून टाकायचं, डब्याला चिकटपट्टी लावायची आणि सीझन संपल्यावरच उघडायचा. चिठ्ठी गुप्त. पण चिठ्ठी टाकणारी माणसं अशी आहेत, की गुप्त काहीच राहत नाही.

एक पंकजभाऊ. केळीच्या गाड्या भरून देतात. दरवर्षी यांचं एकच. "यंदा कप आपलाच शे! लिखी ठेवा!" मागच्या वर्षी टीम खालून दुसरी आली. तरी म्हणाले, "म्हणजे आते फक्त वरच जावानं ऱ्हायनं!"

दुसरे भटूभाऊ. शहाद्याला बियाण्याचं दुकान. यांना कशावरच भरवसा नाही. "पाकिटावर लिखेल ऱ्हास तेवढं उगस का रे कधी?" असं हे बियाणं विकणारा माणूस म्हणतो! यंदा टीमनं नवा स्ट्रायकर घेतला. पंकजभाऊंनी त्याचे गोल आत्ताच मोजायला घेतले. त्यावर भटूभाऊ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "केळ अजून निसवली नही, आन हाऊ घड मोजी ऱ्हायना!"

तिसरे आमचे 'हे'. यांचं मत पंकजभाऊ बोलले की पंकजभाऊंसारखं असतं, भटूभाऊ बोलले की भटूभाऊंसारखं. लग्नाला तीनच महिने झालेत, म्हणून मी यावर जास्त लिहीत नाही.

आणि नाना. दोन वर्षं नानांची चिठ्ठी एकच निघाली. अक्षरही तेच, शाळेच्या फळ्यावरचं : 'यंदा रायसिंग खेळणार.'

*

आता नावाचं सांगते.

टीमचा सराव सुरू झाला की पहिल्या मॅचपर्यंत तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, असा आमच्याकडचा नियम आहे. नाव घेतलं की टीम हरते. का, हे कोणालाच माहीत नाही. एकदा घेतलं आणि हरली, एवढा पुरावा पुरला. म्हणून सगळे 'निळे' म्हणतात.

मला यात काही अवघड वाटलं नाही. घरात एका माणसाचं नाव मी असंही घेत नव्हते, त्यात आणखी एकाची भर!

पण चुकून कानावर पडलंच तर उतारा आहे. डब्यात जे जे चिठ्ठी टाकतात, त्या सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर पळत जायचं आणि दोन्ही गोलपोस्टना हात लावून यायचं. घेणाऱ्यानं नाही, ऐकणाऱ्यांनी!

ही पळवाट आईंनी बरोबर हेरली. एका सकाळी मोटर बंद पडलेली, केळीला पाणी थांबलेलं, आणि चौघेजण ओट्यावर बसून मिडफिल्डची चर्चा करतायत. आईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या कमरेवर हात ठेवून दारात आल्या.

"उठतस का? का लेऊ नाव?"

"आई, नको!"

आईंनी घेतलं. पूर्ण, एफसीसकट! चौघे पळाले. भटूभाऊंची एक चप्पल आमच्या अंगणातच राहिली. नाना साठी उलटलेले, पण सगळ्यांच्या पुढे. मी दारात उभी राहून पाहत होते. आई मला म्हणाल्या, "दख, हाई मोटर कशी लगेच चालू व्हस!"

खरंच, येताना ते मोटर चालू करूनच आले.

*

जुलैत निळ्यांचा एक सराव सामना होता. मोबाईलवर दिसणार होता, पण रेंज फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते. चौघेजण टाकीला टेकून बसले. मोबाईल यांच्या हातात, हात वर.

अर्धा तास झाला असेल. एक नंबरचा गोलकीपर उडी मारून खाली आला आणि गुडघा धरून तसाच पडून राहिला.

मोबाईलमध्ये कडेला रायसिंग उठून उभा राहिलेला दिसला. जॅकेटची चेन उघडत होता.

पंकजभाऊंच्या तोंडून निघालं, "देवा!"

आता हा 'देवा' कुठल्या प्रकारचा होता, ते सगळ्यांना कळलं. बाकीच्यांच्या मनातही तोच होता. कोणी कोणाकडे बघेना.

मग तो गोलकीपर उठला. पाय झटकला. हात वर करून ठीक आहे म्हणाला. रायसिंगनं चेन परत लावली. गच्चीवर तीन चेहरे पडले.

नानांनी यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि बंद केला.

"मी त्याले गोलमधे उभं ऱ्हावाले शिकाडं. दुसरानं पडानी वाट दखाले नही शिकाडं!"

आणि जिना उतरून गेले. त्या संध्याकाळी कोणीच भाकीत केलं नाही. पंकजभाऊंनीसुद्धा.

*

रायसिंगचा रविवारी फोन येतो. स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे ट्रेची गरज पडत नाही.

"काय रे, त्याचा गुडघा कसा आहे?" नानांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"चांगला आहे सर. मीच बर्फ लावला. आम्ही एकाच रूमवर असतो ना. सर, तो मला डाव्या पायानं किक शिकवतोय!"

भटूभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "घ्या! याची जागा जो अडवून बसलाय, तोच याचा मास्तर!"

"सर, तो खूप चांगला आहे," रायसिंग म्हणाला.

"हाच तर प्रॉब्लेम आहे," नाना म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत होते.

*

मागच्या महिन्यात रायसिंगची आई आली. धडगावहून घाट उतरून, जीप बदलत बदलत. सोबत आमचूरची पिशवी. कोणीतरी शहराकडे जाणारं असेल तर पोराला पाठवा म्हणाली. मी पाणी दिलं. ती घरी पावरी बोलते, मराठी तिला थोडी थोडी येते. पाणी पिऊन झाल्यावर तिनं नानांना विचारलं,

"गुरुजी, पोरानं काय चूक केली?"

"चूक? काही नाही. का?"

"दोन वर्षं त्याला कडेला बसवून ठेवलंय. शाळेत चूक केली की तुम्ही बसवत होते, तसंच ना? तुम्ही सांगा ना त्यांना. पोरगा वाईट नाही."

नानांनी तिला बदली खेळाडू म्हणजे काय ते समजावलं. कप आणि बशा घेऊन समजावलं. अकरा कप मैदानात, बाकीचे बाहेर. तिनं सगळं नीट ऐकलं. मग बाहेरचा एक कप उचलून हातात धरला आणि म्हणाली, "हा कधी आत जाईल?"

नाना बशा एकावर एक ठेवत राहिले. आत भाकरी थापणाऱ्या आईंचा हात थांबलेला मी पाहिला. ज्या आई फुटबॉलला 'लाथा मारानं काम' म्हणतात, त्यांचा.

जाताना आईंनी तिच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ठेवली. तिला सांगितलंही नाही.

*

चिठ्ठ्यांचा दिवस ठरला, तेव्हा पंकजभाऊ म्हणाले, "वहिनीले बी टाकू दे यंदा. नवी माणूस शे, तिन्हा पायगुण दखू!"

"चिठ्ठी टाकली की नियम लागू," भटूभाऊंनी बजावलं. "मग मागं सरकता येत नाही."

मी कागद घेतला, लिहिलं, घडी घातली, टाकली. यांनी दोन दिवस विचारलं काय लिहिलं म्हणून. मी फारशी बोलत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

नानांची घडी तेवढी यंदा जाड होती. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या एका ओळीच्या, ही चांगली चार पदरी. काय लिहिलंय, सीझन संपल्यावरच कळेल.

*

आता शेवटचा. परवाचाच.

दुसऱ्या दिवशी घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसणार होती, म्हणून तिच्या प्रसादाच्या रोटाचे, म्हणजे जाड पोळीचे, गहू मोजायचे होते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. बायकांच्या नावाची मूठ नसते, मोजायचं मात्र बायकांच्या मुठीनं. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. या बाबतीत आई फार कडक.

ओसरीवर पाट मांडला. मी परात धरून बसले. समोर ओट्यावर नेहमीचे चौघे, पहिली मॅच दहा दिवसांवर आली म्हणून घशाखाली चहा उतरत नाही अशा अवस्थेत.

आईंनी पहिली मूठ घेतली. "हाई यास्नी." नानांची. वर पाव मूठ.

दुसरी. "हाई मन्हा पोऱ्यानी." यांची. वर पाव मूठ.

घरात पुरुष दोनच. मी परात उचलायला गेले.

आईंचा हात परत पोत्यात गेला. तिसरी मूठ. "हाई रायसिंगनी."

नाना उठून उभे राहिले. "अवं, रोट घरनाच माणसे खातस ना?"

"मंग?" आई म्हणाल्या. "धाडी दिसू त्याले रोट. आमचूर धाडतस, तसा."

आणि हात परत पोत्यात. चौथी मूठ भरली, आणि तशीच वर धरून त्यांनी नानांना विचारलं, "तो दुसरा कोन शे? जो खेयस तो? त्यानं नाव काय?"

नानांनी सांगितलं.

आईंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मूठ परातीत सोडली. "त्याना गुडघा धड ऱ्हाऊ दे माय."

वर पाव मूठ.

"अवं पन," नाना म्हणाले, "तो धड ऱ्हायना, त मंग रायसिंग खेयी कसा?"

"ते तुम्हले नही समजत, मले नही समजत. तिले समजू दे."

मग आईंनी परातीला हात लावून डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात टीमचं पूर्ण नाव घेतलं. एफसीसकट!

ओट्यावर कोणी हललं नाही. सगळे परातीतल्या त्या गव्हाकडे बघत बसले होते.

आईंनी डोळे उघडले. "दखतस काय? पया!"

पंकजभाऊ सुटले, त्यांच्यामागे हे, त्यांच्यामागे भटूभाऊ एका हातात चप्पल घेऊन. नाना शिट्टी वाजवत सगळ्यांच्या पुढे.

मी परात पाटावर ठेवली, पदर खोचला. नाव मीही ऐकलं होतं, आणि डब्यात माझीही चिठ्ठी होती.