कुंडीतला बुटका सुरू

माझे वडील पाचगणीला एका बंगल्यावर माळी होते. लग्न होऊन मी सोलापुरात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी, माघात, त्यांनी मला कुंडीतला सुरू आणून दिला. थंड हवेतलं बुटकं झाड, जन्मभर गुडघ्याएवढंच राहणारं. म्हणाले, "सोलापूरचा उन्हाळा यानं काढला, तर तुझा हात माझ्यापेक्षा चांगला म्हणायचा."

झालं! एकोणीस वर्षांची ही शहाणी कामाला लागली.

आमचं घर सात रस्ता चौकाजवळ, पत्र्याचं. माठ गार राहतो, मग कुंडी का नाही राहणार, हे माझं शास्त्र. माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट कुंडीला गुंडाळलं, खाली पाण्यानं भरलेली परात ठेवली, वरून दिवसातून तीन तांबे. शेजारणींना ऐकवायचे, "झाडं आमच्या रक्तातच आहेत!" सासूबाई माढ्याकडच्या, शेतात जन्म गेलेल्या. म्हणायच्या, "अगं, त्याला तहान तर लागू दे की जरा." मी कशाला ऐकतेय?

चैत्रात वडील आले. माझ्याकडे पाठ करून कुंडीपाशी उकिडवे बसले. बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "छान ठेवलंस गं." मी ते गल्लीभर सांगून आले.

पंधरा दिवसांत तार आली. ते गेले होते.

मी रडले नाही. तेरावा उरकून परत आले, भाकरी थापल्या, कुंडीत पाणी घातलं. बायका म्हणत, दगडाची आहे. ऐकू यायचं, लागायचं नाही. जेवले की नाही, ते आठवायचं नाही. तीन तांबे मात्र चुकले नाहीत.

ज्येष्ठात सासूबाईंनी कुंडी पुढं ओढली. "वास मारतोय गं." गोणपाट सोडलं. बुंध्याशी वाकून नखानं साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं.

"मेलंय हे. कवाच मेलंय."

"हिरवं आहे की!"

"वरनं हाय. मुळं कुजल्यात बघ."

मी वाकून बघितलं. त्यांच्या नखाच्या खुणेशेजारी आणखी एक ओरखडा होता. तसाच, नखाचा, पण जुना. काळा पडलेला. चैत्रात वडील बसले होते, त्याच अंगाला.

मी बोट ठेवून दाखवलं. सासूबाईंनी पदराला नख पुसलं. मग म्हणाल्या, "माळी माणूस. त्यास्नी कळणार न्हाय व्हय?"

तेव्हाही मी रडले नाही. हातपाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटत होते, एवढं आठवतं. झाड उपटलं ते सासूबाईंनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही शहाणी पुन्हा तांब्या भरून रिकाम्या कुंडीपाशी हजर. सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

"वत. मिरचीचं बी टाकलंय म्या. पर एकदाच वत."

मी एकदाच ओतलं. मग परात घासली आणि फळीवर ठेवून दिली.