आप्पांचा कागद

कागद हातात आला की आप्पा आधी डोळे मिटायचे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्याचा कोपरा धरून हळूहळू चोळायचे आणि म्हणायचे, "पोत बघा, ताई, पोत." त्यावर काय छापायचं, ते नंतर.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सुरतेत पर्वत पाटियाजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि दोघांपेक्षा जास्त कुरकुरणारा पंखा. आप्पा आमच्याच गल्लीत राहायचे. मूळचे धुळ्याकडचे, पण सगळं आयुष्य इथल्या कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालण्यात गेलेलं. साडी तीच असली तरी घडी नीट बसली आणि खोका चकचकीत असला की गिऱ्हाइकाचा हात आधी तिकडे जातो, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यामुळे लेकीचा बायोडाटा छापायला आले, तेव्हा कागद स्वतःचाच घेऊन आले.

मजकूर मात्र लेकीने लिहिलेला होता. ती बी.कॉम. झालेली, एका सूतव्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब सांभाळायची. जन्मतारीख, उंची, मामाचं गाव, सगळं झाल्यावर शेवटी तिने लिहिलं होतं: लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार.

आप्पांचा तो कागद साडीच्या खोक्यात घालतात तसला, गुळगुळीत. मी म्हटलं, "आप्पा, यावर अक्षर धरणार नाही." लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते. काळी पूड असते, ती कागदावर बसते आणि आतल्या गरम रोलरखाली वितळून चिकटते. त्यांनी ऐकलं नाही. छापून आल्यावर सवयीने अंगठा फिरवला, तर लेकीचं शिक्षण पुसून अंगठ्याला लागलं.

"ही तर अडाणी झाली," आप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले.

शेवटी मी माझ्याकडच्या साध्या कागदावर प्रती काढून दिल्या. त्यांनी त्या दुकानाच्या बिलासारख्या धरून नेल्या. पंधरवड्याने नकार आला. आप्पा दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "कागद कमी पडला."

पुढच्या खेपेला त्यांनी कुठून तरी हातकागद आणला. जाडजूड, खडबडीत. त्याच्या खळग्यांत पूड पोचेना, सगळी अक्षरं देवी आल्यासारखी दिसू लागली. त्यानंतर सोनेरी किनारीचा कागद आला. तो मी बाजूला ठेवला होता, पण प्रती निघत असताना मी आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात आप्पांनी तो हौसेने ट्रेमध्ये सरकवला. किनार आत वितळली, रोलरला चिकटली आणि दुकानभर जळका वास सुटला. मेकॅनिकने झाकण उघडून कपाळाला हात लावला आणि हे काय घातलंत म्हणून विचारलं. "आ शुं नाख्युं, बेन?"

मी आप्पांना खूप बोलले. ते दुपारभर मेकॅनिकसाठी बॅटरी धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आले. डबा नेमका प्रिंटरवरच ठेवला, म्हणून परत बोलणी खाल्ली.

आपल्या ओळखीत असा एखादा हट्टी माणूस असतोच. आपण त्याला हसतो आणि तो का हट्ट करतो, हे विचारायचं राहून जातं.

नकार येतच होते. त्यांचं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी पसंत पडायची आणि निघताना चपला घालता घालता कोणीतरी म्हणायचं, ते नोकरीचं तेवढं बघा. एकदा मीच आप्पांना म्हटलं, "कागद बदलत बसण्यापेक्षा ती शेवटची ओळ काढू या. लग्न झाल्यावर बघता येईल."

आप्पा माझ्याशी एरवी मराठीत बोलायचे. त्या दिवशी घरची अहिराणी आली.

"ती ओळ तिनी शे, ताई. कागद मना."

ओळ तिची आहे, कागद माझा. मला त्या माणसाची फार माया वाटली. मग मीच त्यांना घेऊन कागदवाल्याकडे गेले, नमुने काढायला लावले. पांढरा, न चकाकणारा, जरा जाड अंगाचा बॉण्ड कागद निघाला. प्रिंटरलाही तो मानवला. आप्पांनी डोळे मिटून चोळला आणि म्हणाले, "हा बसतो."

स्थळ जमलं ते धुळ्याचं. आप्पा सांगायला आले, पण चेहरा पुरता खुललेला नव्हता. त्या घरी कोणाकडून तरी फिरत झेरॉक्सची झेरॉक्स पोचली होती, काळपट, खालच्या ओळी न लागणारी. धुळ्यातही नोकरी करणार, हे मुलीने तोंडी सांगितलं, मुलगा लगेच हो म्हणाला.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"त्याचे आईबाप गप्प होते. एक चांगली प्रत काढा, ताई. त्यांच्या घरात ठेवायला. उद्या कोणी विसरलं तर असावी."

त्या दिवशी त्यांनी पोत पाहिला नाही. एवढंच विचारलं, "किती वर्षं टिकेल?" मी सांगितलं, घडी घालू नका, घडीवर अक्षर तुटतं. प्लास्टिकमध्ये ठेवू नका, अक्षर प्लास्टिकला चिकटतं. ओल लागू देऊ नका. त्यांनी साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे आणले, मध्ये कागद ठेवला, दोऱ्याने बांधला आणि धुळ्याची बस धरली.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या विहीणबाई?"

"मीच म्हणलं, मोठ्यानं वाचा. वाचली त्यांनी, शेवटपर्यंत. मग कपाटात ठेवली."

लग्नानंतर काही वर्षांनी आप्पा गेले. लेक धुळ्याहून आली, तेरावा होईपर्यंत आईजवळ राहिली आणि चौदाव्या दिवशी सकाळी निघाली. एक आत्या कुरकुरली, बाप गेलाय, आणखी आठ दिवस राहायला काय झालं होतं? आप्पांची बायको पोरीचा डबा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तिची रजा संपली."