सोमलीयाडीचा ढावलो

लग्न होऊन मी त्या गावात राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात एका दुपारी टेकडीकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. एकीचा सूर संपायच्या आत दुसरी उचलत होती. तांड्यात कुणी गेलं असेल असं वाटून मी शेजारणीला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोनी नाही मेलं. सोमलीयाडी पोरीईले रडाले शिकवून राह्यली."

ही गोष्ट छप्पन सालची. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. पुसदहून सकाळी बैलगाडीनं निघालं की दिवस कलताना गाव यायचं, आणि गावाला लागून, टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा. कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता तिथं कापूस आणि तूर पेरत होती. फिरणं थांबलं, पण एक रीत राहिली होती. सासरी निघालेल्या नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करत. दोन्ही हात वर करून ती गात रडायची. आईबापाचा, भावाचा, गोठ्यातल्या गाईचा निरोप घ्यायची. त्या रडगाण्याला ढावलो म्हणतात. ते आपोआप येत नाही. लग्न ठरलं की पोरींना सोमलीबाईपुढं बसवत. सगळा तांडा तिला सोमलीयाडी म्हणे. याडी म्हणजे आई.

ती उंच आणि हाडकुळी होती. नवरा गेल्यावर दंडातले चुडे उतरवलेले, त्या जागी कातडीवर फिकट पट्टे उमटलेले. डिंक विकायला ती आमच्या ओसरीवर यायची आणि डिंक बाजूला राहून बोलतच बसायची. एकदा मी तिला म्हटलं, मी निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, चारचौघांत रडू नकोस. "मंग ते अंदरच राह्यलं तुह्या," ती म्हणाली. "काढून टाक कधी. कुजते ते."

तिचं शिकवणं मी टेकडीवर जाऊन पाहिलं आहे. नाईकाची नात जमनी तेव्हा शिकत होती. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. जमनीचा गळा गोड होता, डोळ्यांतून धारा लागलेल्या होत्या, तरी सोमलीयाडीनं तिला थांबवलं. "पानी त कांदा कापला तरी येते. बापाचं नाव घेतलं, गाईचं घेतलं. काकीचं काहून सोडलं? भांडन झालं म्हनून? तिचं पहिले घे." जमनी फुरंगटली, पण तिनं काकीचं नाव घेतलं, आणि तिथं मात्र तिचा आवाज खरोखर फाटला. सोमलीयाडी म्हणाली, "हां. आता आलं."

पुढं माझा मुलगा झाला. त्याला तेल लावून न्हाऊ घालायला तीच यायची. पायांवर पालथं घालून त्याच्याशी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, बोलायची. ते दिवस चांगले होते.

मग नाईकाचा नातू, जमनीचा धाकटा भाऊ, तापानं फणफणला. सोमलीयाडी त्याच्या उशाशी बसून राहिली. ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. पोराचं अंग ताठ झालं आणि ते गेलं. दुसऱ्या तांड्याहून भगत बोलावला. त्यानं दाणे टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं की, या घरात रडणं शिरलं आहे. ज्या बाईनं रडणं पाळलं आहे, तिची नजर पोरावर पडली. मग त्यानं तो शब्द उच्चारला. डाकण.

त्या दिवसापासून विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. आया पोरांची तोंडं पदराखाली घेत. पोरींचं शिकणं बंद झालं. यजमान आणि मी नाईकाकडं गेलो. यजमानांनी त्याला तापाबद्दल सांगितलं, पुसदच्या दवाखान्याबद्दल सांगितलं. नाईक भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मास्तर, तुमचं म्हननं मले समजते. पन मी घरात गेलो का सून मले इचारते, माहं लेकरू कोनं खाल्लं? तिले काय सांगू?" आम्ही उठून घरी आलो.

तिचा मुलगा रामजी तिच्या बाजूनं बोलला नाही. बायको गरोदर होती. त्यानं आईला तांड्याच्या टोकाला कुडाची झोपडी घालून दिली. भाकर उंबऱ्याबाहेर ठेवून तो परत फिरायचा.

मी तिच्याकडं जात राहिले. एक दिवस मुलाला घेऊन गेले आणि नेहमीसारखा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पोर तिची ओढणी ओढत होतं, हसत होतं, आणि ती आंधळ्यासारखी हातानं त्याचं डोकं चाचपत होती.

"डोळे उघड ना, याडी," मी म्हटलं.

"नको बाई. उचल त्याले."

"तूही मानतेस ते?"

मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "मले काय मालूम? माह्या डोयात काय हाये, ते मले कसं दिसन? त्या लेकराले मीच पुसत होती. माह्याच हाताखाली गेलं ते." मी मुलाला उचललं. तांडा काय म्हणतो याचं मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. ती स्वतःच तसं म्हणू लागली, याचं वाटलं.

वर्षभर लांबलेलं जमनीचं लग्न लागलं. पुसदहून लाउडस्पीकर आणला होता. सकाळपासून सिनेमाची गाणी चालली होती. निघायच्या वेळी तो बंद केला आणि जमनीला बैलावर उभं केलं. तिनं हात वर केले, सुरुवात केली. बापाचा निरोप झाला, आईचा झाला. मेलेल्या भावाचं नाव आलं आणि ती अडली. त्यापुढचं ती शिकलीच नव्हती. तिचे हात वरच राहिले. मेलेल्याचा निरोप कसा घ्यायचा, ते बाकीच्या बायकांनाही येत नव्हतं.

तेवढ्यात टोकाच्या झोपडीकडून सूर आला. सोमलीयाडी दारात उभी होती, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून. जमनीची अडलेली ओळ तिनं उचलली होती. त्या पोराचं नाव घेऊन ती गात होती. इतकं आर्त रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. क्षणभर सगळा तांडा खिळून राहिला. मग नाईकाची सून किंचाळली. कुणीतरी दगड मारला, मग आणखी काहींनी. जमनीला बैलावरून ओढून गाडीत कोंबलं आणि गाडी हाकलली. कपाळातून रक्त येत असतानाही सोमलीयाडी गातच होती. रामजीनं तिला आत ढकलून दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रामजी तिला घेऊन पांढरकवड्याकडं गेला, जंगलात लाकूडतोडीच्या कामावर. तिथल्या पालात त्याच पावसाळ्यात ती गेली. रामजी बाजारात भेटला तेव्हा त्यानं सांगितलं. "खानं सोडलं तिनं," एवढंच म्हणाला, आणि पिशवी उचलून निघाला.

आमची बदली राळेगावला झाली. काही वर्षांनी कामानिमित्त पुसदला आले होते, तेव्हा एसटी स्टँडवर जमनी दिसली. गळ्यात ताइतांची माळ, गाल बसलेले. तिनंच मला ओळखलं. तिला मुलं होत होती, पण एकही जगलं नव्हतं. सोमलीयाडीचं नाव मी काढलं नाही, तिनंच काढलं.

"लगनात तिनं गायलं ना, तवापासून हाये हे. भगत म्हने, तिनं शिकवलेलं समदं भुलून जाय, मंग लेकरू जगन."

मी म्हटलं, "जमनी, ती तुझ्या भावासाठी रडत होती गं."

"ते मले मालूम हाये, बाई."

तिची गाडी लागली. गठुडं डोक्यावर घेऊन ती उठली, आणि गर्दीत शिरण्याआधी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रोज भुलाले पाह्यतो. काम करता करता तोंडात येतेच ते. तोंड दाबतो, तरी येते."