भंगारात न गेलेले नऊ

कॉम्प्युटर स्लो झालाय असं कुणी सांगितलं, की बाई आधी त्याच्या डब्याच्या पाठीवर तळहात ठेवत. क्षणभर थांबत आणि म्हणत, "दमला हाये. मेला नाही."

अकोल्याच्या जठारपेठेत त्या आमच्या समोरच्या घरात राहत. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी बाई कॉम्प्युटर शिकल्या. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला 'आता नवीन घ्या' हे वाक्य शिवीसारखं लागतं.

मी घरी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका टाइप करून देते. माझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत भाजी शिजून व्हायची. दुकानदार म्हणाला, फेका. मग बाई आल्या.

"सुरू होतानाच हे चौदा प्रोग्राम संगं उठतात. काहून? तुले लागतात किती?"

मला दोन लागायचे. बाकीचे त्यांनी आपोआप उठायचे बंद केले. दोन अँटिव्हायरस होते, त्यातला एक काढून टाकला. "दोन चौकीदार ठेवले तू. ते एकमेकालेच पकडून राहिले!" पुढे भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ तीन ठिकाणी सापडला. "तीन खेपा लग्न केलं का त्यानं?" दोन पुसले. शेवटी डबा उघडून रंगाच्या ब्रशनं पंख्यावरची धूळ झाडली. दुसऱ्या दिवशी माझा कांदा चिरून व्हायच्या आत मशीन तयार होतं.

एकदा अंजनगाव सुर्जीच्या एका मुलींच्या शाळेतून त्यांना निरोप आला. टायपिंगची परीक्षा वीस दिवसांवर, आणि संस्थेनं बाराही कॉम्प्युटर भंगारात काढलेले. नवीन कधी येतील, ते ठरलेलं नव्हतं. बाईंनी मला सोबत घेतलं आणि सकाळची एसटी पकडली.

आम्ही पोहोचलो तेव्हा टेम्पो फाटकात उभा होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, ठराव झाला आहे."

"ठराव तुमचा झाला. परीक्षा पोरींची हाये." बाईंनी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातच बसल्या. "चार वाजेपर्यंत थांबा. नाही चालले, तर मी सोता उचलून टेम्पोत टाकीन."

अध्यक्ष थांबले. बहुधा गंमत बघायला.

बाईंनी एकेक डबा उघडला. तीन खरंच गेलेले होते. ते त्यांनी लगेच कबूल केलं, पण त्यांतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून दुसऱ्या तिघांत बसवल्या. साऱ्या चालू मशीनमधले नको ते प्रोग्राम काढले. जेवायलाही उठल्या नाहीत. चारला नऊ पडदे उजळले.

अध्यक्ष खात्री करायला स्वतः बसले आणि एका बोटानं आपल्या नावाची अक्षरं शोधू लागले. बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

"आता मशीन नाही साहेब, तुमी स्लो पडून राहिले."

मुली हसल्या. अध्यक्षही हसले, जरा उशिरा. टेम्पो तीन रिकामे डबे घेऊन गेला. त्या वर्षी मुली पाळीपाळीनं त्या नऊ मशीनवर बसल्या, आणि पास झाल्या.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. अध्यक्ष भेटायला आले. बाईंच्या मुलाला म्हणाले, "शाळेला नवीन कॉम्प्युटर देतो. त्यांच्या नावाची पाटी लावू. जुनं सगळं काढून टाकतो."

शाळेची एक शिक्षिका खाली सतरंजीवर बसली होती. त्या वर्षी पास झालेली. आता तिथंच टायपिंग शिकवते. ती उठून उभी राहिली.

"नवीन द्या साहेब, पोरी वाढल्या हायेत. पण त्या नऊले हात लावायचा नाही. ते चालून राहिले."

तिचा आवाज चढला होता. खोलीत मोठी माणसं होती, दुखवट्याचं घर होतं. पण तिला हळू बोल म्हणून कुणीच सांगितलं नाही.