शेणाची वाटणी

सोलापुरात आमच्या घरी एक म्हैस होती, आणि तिच्या शेणावरून आम्हा नवराबायकोत भांडण होतं. दुसऱ्या कशावरून आम्ही सहसा भांडलो नाही. तेवढं पुरत होतं.

आमचे हे शाळेत मास्तर. एका उन्हाळ्यात शेतकीच्या कुणा साहेबाचं भाषण ऐकून आले आणि कोटसुद्धा न काढता परसात खड्डा खणायला लागले. पालापाचोळा, राख, भाज्यांची देठं, सगळ्याचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडायचा, की भाजीला उत्तम खत तयार होतं म्हणे. करा की, माझी ना नव्हती. पण मग मी गोवऱ्या कशाच्या थापायच्या?

"अगं, शेण जाळणं म्हणजे सोनं जाळणं," हे म्हणाले.

"मग भाकऱ्या तुमच्या खड्ड्यावर भाजू का?"

दुसऱ्या दिवसापासून गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत हे गोठ्यात. मी पाटी घेऊन जावं तर गोठा लख्ख! एवढ्यावर भागलं नाही. शेजारी तेलुगू बोलणारं विणकराचं घर होतं. तिथली अक्का भिंतीवर गोवऱ्या थापत होती, तर तिलाही हे सोन्याचं व्याख्यान देऊन आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वांगी मात्र, खोटं कशाला बोलू, लई झकास आली. तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, यंदा भोगीची भाजी घरच्या वांग्यांची! आणि परस्पर आपल्या बहिणीला जेवायला बोलावलं. आमच्या वन्सं म्हणजे घरात पाऊल टाकल्याबरोबर चुलीत डोकावणाऱ्या.

भोगीच्या सकाळी वांगी, घेवडा, गाजरं चिरून तयार, बाजरीचं पीठ तयार, तीळ तयार. जाळायला मात्र काडी नाही. गोवऱ्या कधीच संपलेल्या, आणि लाकडाची गाडी सणाची म्हणून फिरकलीच नाही. वन्संचा टांगा कुठल्याही क्षणी यायचा. मी चिरलेल्या भाजीनं भरलेलं सूप ह्यांच्यापुढे आदळलं. म्हटलं, "घ्या, अशीच वाढा बहिणीला."

हे मुकाट्यानं अक्काच्या दारात गेले. अक्का गरजली, "काय मास्तर, सोनं पायजे का?" अख्ख्या बोळानं ऐकलं. पण दिल्या हो बिचारीनं पदर भरून गोवऱ्या! ह्यांनी त्या उपरण्यात बांधून, मान खाली घालून आणल्या. भाजी झाली, भाकऱ्या टम्म फुगल्या. वाडगाभर भाजी मी आधी अक्काला नेऊन दिली. वन्सं दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या, "माझ्या भावाच्या हाताला गुण आहे हो!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संक्रांतीच्या सकाळी गोठ्यात गेले, तर शेणाचे दोन ढीग केलेले. मोठा ढीग माझ्यासाठी ठेवून हे आपली लहान पाटी घेऊन निघाले होते. इतक्या महिन्यांचा राग, पण मला एकदम भरून आलं. माझ्या ढिगातलं ओंजळभर शेण उचलून मी ह्यांच्या पाटीत टाकलं. मग वन्संचं बोलणं आठवलं आणि निम्मं परत काढून घेतलं.