पप्पांचं तारण झालं त्याची हकिकत

माझे पप्पा चर्चचे पंच होते. रविवारी दानाची थैली फिरवायची, प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकसाहेबांच्या शेजारी बसायचं आणि उपदेश फार लांबला की जरा मोठ्यानं खोकायचं, ही त्यांची कामं. आठवडाभर ते उद्यमनगरातल्या आपल्या दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचे. त्यामुळे चर्चचे पंखे, माइक, बोअरची मोटर, सगळं त्यांच्याच गळ्यात पडलेलं. एवढ्या जुन्या पंचाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, व्हायचं राहिलंय, अशी शंका आमच्या मंडळीत कुणालाच नव्हती. पप्पांना तर मुळीच नव्हती.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी कॉलेजात होते. त्या मे महिन्यात चर्चच्या आवारात मांडव घालून उज्जीवन सभा ठेवल्या होत्या. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांचा आवाज असा, की माइक बंद पडला असता तरी रंकाळा तलावापर्यंत ऐकू गेलं असतं. पहिल्या संध्याकाळी उपदेश संपवून त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.

"मी पापी आहे, हे सत्य ज्याला आज पटलं असेल त्यानं हात वर करावा," ते म्हणाले.

मी डोळे किलकिले ठेवले होते, म्हणून पुढचं मला दिसलं. पप्पांनीही डोळे मिटले नव्हते. व्यासपीठाजवळचा उंच पंखा डगडगायला लागला होता आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडं. पंख्याजवळच्या माणसानं बटण बंद करावं म्हणून त्यांनी हात उंच करून खुणावलं.

"मी तो हात पाहिला, भाऊ!" वक्ते गरजले. "प्रभूची स्तुती असो! पुढे या!"

पप्पांनी मागं वळून पाहिलं, आणखी कुणाचा हात आहे का. कुणाचाच नव्हता. तोवर सगळ्यांनी डोळे उघडले होते. पप्पा उठले आणि शाळेत छडी खायला जावं तसे पुढे गेले. वक्त्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. पाळकसाहेब खाली मान घालून चपलेकडे बघत बसले. सभा सुटल्यावर बायकांनी मम्मीला गराडा घातला. कुणी तिचे हात धरून अभिनंदन केलं, कुणी डोळे पुसले.

घरी येताच मम्मी म्हणाली, "तुमचं तारण आज झालं म्हणे. मग एवढी वर्षं मी कुणाबरोबर संसार केला?"

"अगं, मी पंखा दाखवत होतो!"

"मग जाऊन सांगा की तसं."

"कसं सांगू? त्या वक्त्यांच्या डोळ्यांत पाणी आलतं." पप्पा खुर्चीत बसले. "आणि उद्या साक्ष द्यायला सांगितलंय. कुठल्या पापातनं सुटलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी काय सांगू? दारू न्हाय, तंबाखू न्हाय, मटका न्हाय."

मम्मीला आठवायला वेळ लागला नाही. "मीठ कमी पडलं की ताट सरकवता, ते सांगा. माझ्या माहेरच्यांना नावं ठेवता, ते सांगा."

"ही पापं न्हाईत. ह्यो स्वभाव हाय."

सकाळी दाढी करताना त्यांना मार्ग सुचला. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी एक धान्याचे व्यापारी राहायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी. सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणायची. आमची आणि त्यांची गच्ची एकच, आणि टीव्हीचे अँटेनाही एकाच खांबावर; खांब फिरवला की एकाचं चित्र सुधारायचं, दुसऱ्याचं बिघडायचं. मी शाळेत असताना, क्रिकेटचा सामना ऐन रंगात आलेला आणि आण्णांकडे सासरवाडीची माणसं बघायला जमलेली, अशा वेळी त्यांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. आमच्याकडे मात्र चित्र काचेसारखं स्वच्छ. अँटेना तुम्हीच फिरवला, म्हणून आण्णा भर रस्त्यात पप्पांना वाटेल ते बोलले. वानरानं फिरवला, असं पप्पांनी सांगितलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. पप्पांनी ते वानर इतक्या वेळा वर्णन करून सांगितलं होतं, की त्याची शेपूट मलाही आठवायची.

"आण्णांना माफ करून येतो," पप्पा तोंड पुसत म्हणाले. "शत्रूला क्षमा केली. फक्कड साक्ष होईल."

रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मम्मीनं शिऱ्याचा डबा माझ्याकडे दिला. आण्णांनीच दार उघडलं. "काय पावणं, वाट चुकला काय?"

पप्पांनी पाठ केलेलं बोलून टाकलं. "आण्णा, अँटेनावरनं तुम्ही मला लई बोलला होता. ते सगळं मी माफ केलं."

"काय केलंसा?"

"माफ."

आण्णा आत बघून ओरडले, "ऐकलं का गं? ह्यांनी मला माफ केलं!" मग आमच्याकडे वळले. "बर्री, बर्री, आत या. बसा. हे बसूनच ऐकायला पाहिजे. अँटेना कुणी फिरवला?"

"वानरानं. तवाच सांगितलंय की."

"वानर पाना घेऊन आलतं काय? नट ढिला केला, खांब फिरवला, परत नट आवळला! जिन्याच्या दारातनं मी बघत होतो. वानराच्या अंगात तुमचा रेघांचा शर्ट होता."

पप्पा हळूच म्हणाले, "बघितलं होतं, तर तवाच का न्हाय बोलला?"

"तुम्ही वानर म्हणालासा, तवा ही पोरगी तुमचं बोट धरून उभी होती. तिच्यासमोर बापाला खोटं पाडू? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. वाट बघता बघता केबल आली. आता ती कॉलेजात जाती. कळू दे तिला."

मी डब्याकडे बघत राहिले.

"आण्णा, चुकलं माझं," पप्पा म्हणाले. "मीच फिरवला."

"ठाऊक हाय. च्या घ्या."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे? हार घालू?"

चहा पिऊन आम्ही बाहेर पडलो. आमच्या जिन्यात पप्पा मधल्याच पायरीवर बसले. "मी गेलतो माफ करायला," ते म्हणाले. "एवढी वर्षं मला वाटायचं, कृपा म्हंजे बोनस. नीट काम केलं, मालक खूश झाला, की मिळतो. आण्णांनी तर मी खोटं बोलत असतानाच मला सोडलं होतं. माझं कबूल करायचं तेवढं राहिलं होतं." त्यांचे डोळे भरले होते. मी शेजारी बसले.

संध्याकाळी वक्त्यांनी मोठ्या कौतुकानं त्यांना माइकपाशी बोलावलं. पप्पा म्हणाले, "काल मी हात वर केला, तो पंख्यासाठी." मांडवात हशा पिकला. वक्त्यांचा चेहरा पडला. पप्पा थांबले नाहीत. त्यांनी वानराची सगळी हकिकत सांगितली. "मला वाटायचं, येशू वधस्तंभावर गेला तो तुम्हा लोकांसाठी. मी आपला थैली फिरवायला. आज कळलं, माझ्यासाठीबी गेलाय. एवढंच." आणि खाली बसले. हसू विरलं. सगळ्यांत आधी पाळकसाहेब 'आमेन' म्हणाले, तेही उपदेशात कधी ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात.

आण्णा मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. सभा सुटल्यावर पप्पांना गाठून म्हणाले, "सगळं बरोबर सांगितलंसा. पाना तेवढा सांगायचा राहिला."

त्याच वर्षी मी चर्चचं पूर्ण सभासदत्व घेतलं. पाळकसाहेबांनी विचारायचे प्रश्न आणि द्यायची उत्तरं मला लहानपणापासून पाठ होती. तू पापी आहेस हे तुला मान्य आहे का, या प्रश्नाशी मात्र मी अडले. विसरले असेन असं वाटून त्यांनी मला हळूच उत्तर सुचवलं. पण मी विसरले नव्हते. तो प्रश्न मला विचारलाय, हे पहिल्यांदाच ध्यानात आलं होतं. मी "हो" म्हटलं, आणि का कुणास ठाऊक, फार हलकं वाटलं.

पप्पा काही एका रात्रीत बदलले नाहीत. ताट सरकवणं चालूच राहिलं. फक्त खोटं त्यांना पचेनासं झालं. पुढे मोबाइल आले तेव्हा तर त्यांची फारच पंचाईत व्हायची. एकदा कुणाच्या तरी मोटारीची घाई होती आणि पप्पा लुंगीवर सोफ्यात बसून फोनवर सांगत होते, "हे काय, निघालोच. पाचच मिनिटांत पोचतो." फोन ठेवला, जरा चुळबुळ केली आणि परत लावला.

"न्हाय हो, अजून घरातच हाय. आंघोळ व्हायचीय."

"आंघोळीचं कशाला सांगायचं?" मम्मी स्वयंपाकघरातून ओरडली.


"विचारलं त्यांनी," पप्पा म्हणाले आणि टॉवेल शोधायला उठले.