टपावरचा बोकड

“हे रक्त आहे,” तात्यासाहेब म्हणाले आणि टपापासून दोन पावलं मागं सरले.

मी पुण्याच्या एका वर्कशॉपात मोटारींच्या बॉड्या रंगवायचो. ही संस्थानं होती तेव्हाची गोष्ट. तात्यासाहेबांचा भोरात हिरड्याचा ठेका होता, भाताची गिरणी होती, आणि गावात मोजक्याच मोटारी असताना त्यांतली एक त्यांची होती. तिचा टप सुटा होता, म्हणजे लाकडी चौकटीवर पत्रा बसवलेलं छत. पावसाळ्यात नट आवळून तो मोटारीवर चढवायचा, उन्हाळ्यात नट सोडून चौघांनी उतरवायचा. रंग दुधावरच्या सायीसारखा. तो रंग बिघडला म्हणून वर्कशॉपच्या शेठनी मला धाडलं होतं.

बिघडला हा शब्द फारच सौम्य झाला. एका कोपऱ्यावर तांबूस डाग होता. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर कुणीतरी जाड पांढरा रंग थापला होता, त्याचे ओघळ आले होते आणि त्यात माश्या चिकटल्या होत्या. बाकी सगळ्या टपावर ओरखडेच ओरखडे.

“हा पांढरा रंग कुणी दिला?”

“आमच्या मेहुण्यांनी. त्यांना रंगातलं कळतं.”

“कशाचा उरलेला होता?”

“दाराचा. चौथ्या कोपऱ्याला पुरला नाही.”

देवाची कृपा, म्हटलं मनात. मोटारीचा रंग पातळ असतो. त्याचे एकावर एक हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. दाराचा तेलकट रंग एकदम जाड थापला की वरून साय धरतो आणि खाली चिकटच राहतो. पण मेहुणा म्हटला की त्याला सगळंच कळतं.

“आणि ओरखडे?”

“डाग जाईना, म्हणून गडी लावून राखेनं आणि काथ्यानं घासून घेतला.”

राखेनं तांब्या घासतात. मोटार घासणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

रक्ताची कथा अशी. दसरा झाल्यावर ड्रायव्हर धोंडिबा वेल्ह्याकडच्या पाहुण्यांना मोटारीनं विंझरपर्यंत सोडायला गेला. विंझरच्या वरच्या अंगाला त्याचा धनगरवाडा. येताना तो घटकाभर घरी डोकावला. परत आल्यावर मोटार धुतली, तर टपावर लाल डाग उठले. तात्यासाहेबांनी उभ्या उभ्या निकाल दिला, की यानं कापलेला बोकड टपावर टाकून नेला. घरात कांदासुद्धा शिजत नव्हता, त्यामुळं मोटार बाटली. धोंडिबाला कामावरून काढलं. एवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून भोरातल्या इतर मोटारवाल्यांनाही सांगून ठेवलं, की याला कुणी उभा करू नका.

धोंडिबाच्या बापानं निम्मी शेरडं विकून पोराला मोटार शिकवली होती. आता पोरगं उरलेल्या शेरडांमागं जायच्या बेतात होतं. पुण्याचा रंगारी काय म्हणतो ते ऐकायला तो गिरणीच्या फाटकाशी उभा होता.

टप उतरवायला चार माणसं हवी होती. गिरणीतले तिघं आले. चौथा म्हणून धोंडिबा पुढं झाला.

“तू हात लावायचा नाही!” तात्यासाहेब ओरडले.

मग गिरणीच्या दिवाणजींनी धोतर सावरत चौथा कोपरा धरला. टप तिरका झाला, नटाला घासला आणि एक नवा लांबलचक ओरखडा पडला. मी मुकाट्यानं तोही कामात धरला.

टप जमिनीवर आला तेव्हा नीट पाहिलं. मेहुण्यांचा रंग नखानं उचकटला, तर त्याखालीही तसाच डाग. म्हणजे बरोब्बर चारी कोपऱ्यांवर. बोकड असा चारी दिशांना वाटून रक्त सांडत नाही, एवढं तरी कुणाच्या डोक्यात यायला हरकत नव्हती.

“तात्यासाहेब, दसऱ्याला मोटारीची पूजा झाली?”

“म्हणजे काय! माईसाहेबांनी स्वतः केली.”

“हळद कुठं लावली?”

“चारी कोपऱ्यांना बोटं ओढली. पण त्याचा इथं काय संबंध?”

“आणि मोटार धुतली कशानं?”

उत्तर फाटकातून आलं. “धुन्याच्या सोड्यानं! मालकच म्हनलं, नुसत्या पान्यानं नगं, सोडा घाल, लई चकचकीत झाली पायजे.”

मला हसू आवरेना. तात्यासाहेबांना ते आवडलं नाही. मी घरातून लिंबू मागवलं. ते घेऊन त्यांच्या पत्नी माईसाहेब स्वतःच आल्या. चौथ्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं, तसा डाग पिवळा पडला. त्यावर सोड्याचं पाणी टाकलं, तसा परत लाल.

माईसाहेबांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! हे तर आपण हळदीचं कुंकू करतो तसं झालं की हो!”

झालंच होतं. हळदीला सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते. राखेतही खारच असतो, म्हणजे घासघासून डाग आणखी पक्का केलेला. घरात कुंकू करणारी माणसं. दिवसचे दिवस तो डाग बघत होती, आणि सगळ्यांना त्यात बोकड दिसत होता. ड्रायव्हर धनगर नसता तर दिसला असता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तात्यासाहेब डागावर वाकले. मग म्हणाले, “असेल हळद. पण याच्या वाडीवर बोकड कापला नव्हता का?”

“कापला व्हता की,” धोंडिबा म्हणाला. “खाल्ला बी. मोटारीवर न्हाई घातला.”

“बघा!” तात्यासाहेब माझ्याकडं वळून म्हणाले, जणू खटला जिंकला.

मी कामाला लागलो. मेहुण्यांचं कर्तृत्व खरवडून काढलं. डागांखालचा रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला, कारण हळद मुरलेली असली की वरच्या नव्या रंगातूनही पिवळी होऊन डोकावते. ओरखड्यांत लांबी भरली. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. ती वाळल्यावर ओल्या पॉलिशपेपरनं घासून सपाट केली, अस्तर दिलं आणि मग रंगाचे हात सुरू केले. गिरणी बंद ठेवा, कोंडा उडतो, असं मी विनवलं होतं. “रंगासाठी का गिरणी बंद ठेवतात?” असं उत्तर मिळालं. ओल्या रंगावर कोंडा बसला. तो हात घासून काढला. मग गिरणी बंद झाली.

टप चढवायच्या दिवशी माईसाहेब सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्या हळदीपायी त्या पोराची भाकरी गेली. त्याला बोलवा.”

तात्यासाहेबांनी बोलावलं. गिरणीतली माणसंही गोळा केली, कारण मोठेपणा दाखवायचा तर बघायला कुणीतरी हवं.

“धोंडिबा, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुला माफ केलं. उद्यापासून कामावर ये.”

“माफ कशापायी, मालक?”

“आता जुनं उकरू नकोस.”

“उकरत न्हाई. ‘ह्याची चूक नव्हती,’ एवडं ह्या समद्यांम्होरं बोला. उद्या कशाला, आत्ताच मोटार पुसाया घेतो.”

मोटार, मोटारीतली गादी, घर, सगळं तात्यासाहेबांचंच होतं. एवढं एक वाक्य मात्र त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी उलट विचारलं, “माफी दिली ती पुरत नाही का तुला?”

“न्हाई,” धोंडिबा म्हणाला. अंगातला ड्रायव्हरचा खाकी कोट काढून त्यानं पायरीवर ठेवला आणि चालू लागला.

“चूक त्याची नव्हती!” माईसाहेब दारातून मोठ्यानं म्हणाल्या.

“तू आत जा,” तात्यासाहेब म्हणाले. पण गिरणीत भात घेऊन आलेल्या बायांनी ते ऐकलं होतं. दिवस मावळायच्या आत सगळ्या भोराला कळलं. महिनाभरात शिवऱ्याच्या एका मोटारवाल्यानं धोंडिबाला आपल्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर घेतलं.

तात्यासाहेबांची मोटार चकचकीत टप घेऊन शेडमध्ये उभी राहिली. चालवायला माणूस नव्हता. मला मोटारीनं पुण्याच्या सडकेपर्यंत पोचवायचं कबूल केलं होतं. मी पोत्यांवर बसून बैलगाडीनं गेलो.

पुढं ते आमच्या वर्कशॉपात आले तेव्हा शेठना सांगत होते, “मी त्याला माफ केलं हो, तरी गेला. या लोकांना उपकाराची जाणच नाही.” शेठ मान डोलवत होते. गिऱ्हाईक मोठं होतं.

रंग बिघडवणारे मला जन्मभर भेटले. स्वतःच्या चुकीची माफी दुसऱ्याला देणारा मात्र हा एकच.